पॉइंटगुरुजी

वैरागात एखाद्याला साडेसाती लागली की तो आधी शनीला तेल घालतो आणि मग पॉइंटगुरुजींना गाठतो. शनीकडून काय मिळेल याची खात्री नसते. गुरुजी मात्र एकोणपन्नास दिवस हमखास कमी करून देतात.

त्यांचं दुकान नाही की पाटी नाही. संतनाथांच्या देवळाकडं जाताना चहाच्या टपरीपुढं जे बाकडं आहे, तेच कार्यालय. अंगात पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशाला दोन पेनं आणि बाजूच्या खिशात खडूचे तुकडे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खडू कुठून मिळतात हे कुणी विचारत नाही.

"शनीची फेरी किती वर्षांची?" गुरुजी सुरुवात करतात.

"तीस."

"तीस?" गुरुजी कपबशी खाली ठेवतात. "एकोणतीस पॉइंट चार सहा!"

"बरं, एकोणतीस पॉइंट सेहेचाळीस."

"सेहेचाळीस नाही रे. चार सहा. पॉइंटच्या पुढचे आकडे सुटे वाचायचे. कुठल्या शाळेत होतास तू?"

"तुमच्याच, गुरुजी."

मग टपरीच्या पत्र्यावर खडू चालू होतो. राशी बारा. साडेसाती म्हणजे मागची रास, आपली आणि पुढची, म्हणजे बरोबर पाव चक्कर. 29.46 भागिले 4. उत्तर 7.365. म्हणजे सात वर्षं, चार महिने आणि अकरा-बारा दिवस. "सांग आता, साडेसात कुठून आले? कुणीतरी 29.46 चे 30 केले आणि त्या गोलाईपायी तुम्ही पिढ्यान् पिढ्या एकोणपन्नास दिवस जास्तीचे भोगताय."

समोरचा माणूस शेवटच्या महिन्यात असला तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकानं तर त्या दिवशीच मोटरसायकल बुक केली.

गंमत म्हणजे गुरुजींचा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. ते तोंडावर सांगतात, "शनीचा तुझ्या सोयाबीनशी काडीमात्र संबंध नाही. पण लावायचाच असेल, तर दशांशासकट लाव."

कधीतरी एखादा जाणकार भेटतो. पंचांग चाळणारा, बोटं मोडणारा. तो म्हणतो, "गुरुजी, पण शनी वक्री होतो त्याचं काय? मागं आला की पुन्हा त्याच राशीत लटकतो." हा प्रश्न विचारणाऱ्याला गुरुजी स्वतःच्या पैशानं चहा पाजतात. वैरागात हा मान फार थोड्यांना मिळालाय. मग ते सांगतात की शनी कधीच मागं येत नाही. तो सेकंदाला साडेनऊ-दहा किलोमीटरच्या चालीनं पुढंच जात असतो. आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याच्या तिप्पट वेगानं पळते आणि दर 378 दिवसांनी त्याला मागं टाकते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला एसटी मागं टाकते तेव्हा खिडकीतल्या पोराला ट्रॉली उलटी चालल्यासारखी दिसते, तेवढंच ते वक्रीपण. "वक्री तो नाही होत. ओव्हरटेक आपण करतोय. आणि तेल मात्र त्याला!"

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या पिढीतले निम्मे मास्तर ज्या दिवशी निवृत्त होतात, त्याच 31 मे या दिवशी निवृत्त झाले. ते विसराळू नाहीत, गबाळे नाहीत, आकाशाकडं बघत गटारात पडणाऱ्यांपैकी तर मुळीच नाहीत. उलट वैरागात त्यांच्याइतका जमिनीवर नजर ठेवून चालणारा माणूस नसेल. भाजीवालीनं पावशेर गवारीत चार शेंगा कमी टाकल्या तर त्यांना काट्याच्या आधी कळतं. त्यांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे, ते म्हणजे गोल आकडा. "सुमारे", "साधारण", "धरून चाला" हे शब्द ऐकले की ते जागचे उठतात. फक्त घरी उठत नाहीत. काकू मीठ मुठीनं टाकतात, पीठ अंदाजानं भिजवतात आणि जेवण कधी होईल विचारलं तर "झालं की सांगते" म्हणतात. भाकरी मात्र रोज टम्म फुगते. या विषयावर गुरुजींनी कधी खडू काढलेला कुणी पाहिलेला नाही.

धोंड्याचा महिना आला की गुरुजींचा सीझन असतो. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याला 365 लागतात, दर वर्षी अकरा दिवस अंगावर चढतात आणि सरासरी 32 महिने 16 दिवसांनी त्यांचा एक अख्खा महिना होऊन बसतो. आता जावयाला अनारसे द्यायचे ते तेहतीस, अशी रीत. गुरुजींनी एका सासऱ्याला भर मांडवात विचारलं, "तेहतीस कशाचे? हिशेब साडेबत्तीसचा आहे." सासरा आधीच चांदीच्या ताटानं पिचलेला. त्यानं एक अनारसा खरंच मोडला आणि अर्धा गुरुजींच्या हातावर ठेवला. जावई अजून गुरुजींशी बोलत नाही.

उन्हाळ्यात गुरुजींच्या माळवदावर आळीतली पोरं जमतात. जुन्या दगडी घराचं ते मातीचं माळवद, कडेला पाण्याची काळी टाकी, आणि टाकीच्या झाकणावर टेकवलेली दुर्बीण. दुर्बीण म्हणजे साधी दोन डोळ्यांची, फौजेतून परतलेल्या एका विद्यार्थ्यानं दिलेली. हातात धरली की आकाश थरथरतं. टाकीवर कोपर टेकवून श्वास रोखला की गुरू दिसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना, एका रेषेत, सुईनं टोचल्यासारखे तीन किंवा चार ठिपके.

"काल तीन हुते, आज चार हायत."

"काल एक पलीकडं होता. नाव सांग."

पोरांना पाढे येत नाहीत, पण हे येतं. आयो 1.77 दिवस, युरोपा 3.55, गॅनिमीड 7.15, कॅलिस्टो 16.69. गॅलिलिओनं 1610 च्या जानेवारीत हेच चार ठिपके रोज रात्री जागा बदलताना पाहिले आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तडा गेला, हे गुरुजी एका वाक्यात उरकतात. कारण त्यांना घाई असते पुढच्या गोष्टीची. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. चार, दोन, एक. इथं गुरुजींचा आवाज बदलतो. जन्मभर अपूर्णांकांची बाजू घेतलेल्या माणसाला निसर्गानंच पूर्णांक दाखवला की तो जरा हळवा होतो. मग स्वतःला सावरून म्हणतात, "तरीसुद्धा थोडा फरक राहतोच हां. अगदी नेमकं चार-दोन-एक नाही."

तेवढ्यात खालून कुणाची तरी आई ओरडते, "आरं, जेवायला येतूस का न्हाय?"

"पाच मिनटं, आये!"

"पाच?" गुरुजी त्या पोराकडं बघतात.

"सात पॉइंट एक पाच," पोरगं म्हणतं.

याच आयोनं गुरुजींना एकदा अडचणीत आणलं. सोलापूर–बार्शी एसटीचं एक टिपण गुरुजींच्या वहीत वर्षानुवर्षं चालू आहे. गाडी किती वाजता यायला हवी, किती वाजता आली, फरक किती. निष्कर्ष त्यांनी लाल शाईत लिहून ठेवलाय, "कक्षा निश्चित, काळ अनिश्चित." त्या मार्गावर त्यांचाच एक विद्यार्थी कंडक्टर आहे. वर्गात गुरुजींनी त्याला शिकवलं होतं की 1676 साली रोमर नावाच्या माणसानं आयोची ग्रहणं मोजली. पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ग्रहण हिशेबापेक्षा काही मिनिटं उशिरा दिसे, जवळ आली की लवकर. रोमरनं ताडलं की आयो वेळेवरच आहे, तिथून निघालेल्या उजेडाला पोचायला वेळ लागतोय. प्रकाशालाही वेग असतो हे माणसाला पहिल्यांदा असं कळलं. आता गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि गुरुजी वही उघडून दारात उभे राहिले की हा कंडक्टर पायरीवरूनच हाळी देतो, "गुरुजी, गाडी टायमावरच हाय. उजेड उशिरा पोचला तुमच्याकडं."

गुरुजींनी वहीत त्या दिवशी काय लिहिलं ते कळलं नाही. पण गाडीत बसल्यावर तिकिटाचे सुटे पैसे मोजून घेतले.

इतक्या काटेकोर माणसानं आयुष्यात एकाच व्यक्तीला सूट दिलेली आहे. व्यंकटेश बापूजी केतकर. 1854 सालचा जन्म, बागलकोटला शाळामास्तर, आणि ग्रहगणितात असे दांडगे की त्यांचे ग्रंथ पंचांगकर्त्यांनी उशाशी घेतले. गुरूच्या चंद्रांमधला जो चार-दोन-एकचा मेळ, त्याचा लाप्लासनं बांधलेला नियम केतकरांनी उचलला आणि सूर्यमालेच्या पार बाहेरच्या ग्रहांना लावून बघितला. हिशेबात जागा रिकामी राहते असं दिसलं. 1911 साली त्यांनी फ्रान्समधल्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत छापून टाकलं की नेपच्यूनच्या पलीकडं, पृथ्वीच्या अंतराच्या 39 पट लांब एक ग्रह असावा आणि त्याची फेरी 242 वर्षांची असावी. 1930 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्लुटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीस पट. फेरी 248 वर्षं. केतकर त्याच साली वारले.

जगातले बहुतेक शास्त्रज्ञ याला योगायोग म्हणतात. ते बहुधा बरोबरच असावेत. पण बाकड्यावर बसून हे बोलायची माझी छाती नाही. मी एकदा फक्त एवढंच म्हटलं, "गुरुजी, सहा वर्षांचा फरक आहे की."

"मग?"

"नाही, तुम्ही साडेसातीत एकोणपन्नास दिवस सोडत नाही..."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बागलकोटच्या शाळेतला मास्तर," ते म्हणाले, "कंदिलाच्या उजेडात कागदावर आकडेमोड करून सूर्यमालेच्या वेशीपर्यंत पोचतो. तू त्याची सहा वर्षं काढतोस? तुझा एसटीचा पास काढायला तुला किती दिवस लागले?"

प्लुटोची ग्रहपदवी 2006 च्या ऑगस्टमध्ये काढून घेतली, तेव्हा गुरुजी दोन दिवस बाकड्यावर आले नव्हते. काकू म्हणाल्या पोट बिघडलंय. आम्हाला कळायचं ते कळलं.

त्या मानानं नेपच्यूननं त्यांना सुख दिलं. नेपच्यून सापडला 1846 च्या सप्टेंबरात. त्याला एका फेरीला लागतात 164.8 वर्षं. म्हणजे माणसानं त्याला पाहिल्यापासूनची पहिलीवहिली फेरी पुरी झाली 2011 च्या जुलैत. गुरुजींनी त्या दिवशी बार्शीहून दोन किलो पेढे आणवले आणि घरोघर वाटले. आता नेमकं असं झालं की आदल्याच दिवशी आषाढी एकादशी होती. पंढरपूरहून माणसं परतत होती. गुरुजींच्या हातात पेढ्यांचा पुडा बघून लोकांनी चपला काढल्या, पेढा कपाळाला लावला आणि "पांडुरंग, पांडुरंग" म्हणत तोंडात टाकला. गुरुजी प्रत्येक दारात सांगत होते, "अहो, नेपच्यूनचा आहे, नेपच्यूनचा!" एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ही कुठली दिंडी म्हणायची?"

प्लुटोचे पेढे 2178 साली आहेत. त्याची तजवीज गुरुजींनी नातवाला सांगून ठेवलीय.

खरा सामना झाला तो आमच्या वाड्याशेजारच्या आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला. आजींना ऐंशी पूर्ण झाली होती. मुलगा पुण्याहून आलेला, दारात मांडव, आचारी शेंगाची आमटी ढवळतोय, गल्लीभर पंगत बसायची तयारी. गुरुजींना बोलावणं होतंच. ते आले, ओटीवर टेकले, पाणी प्याले आणि कुणीतरी, कुणीतरी म्हणजे गल्लीतलं एक वाह्यात कार्टं, म्हणालं, "गुरुजी, हजार चंद्र झालं म्हणायचं आजीचं?"

खडू बाहेर. मांडवाच्या खांबाला टेकवलेली फळी होती, नावं लिहायला आणलेली. तीवर उजवीकडं 29.53. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत एवढे दिवस. चंद्राची पृथ्वीभोवतीची नुसती फेरी 27.32 दिवसांचीच असते, पण तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढं सरकलेली असते, म्हणून चंद्राला गाठायला दोन दिवस जास्तीचे चालावं लागतं, हे त्यांनी जाता जाता आचाऱ्याला समजावलं. आचारी हो म्हणाला. मग हजारानं गुणलं. भागिले 365.2422. उत्तर ऐंशी वर्षं आणि दहा महिने.

मांडव गप्प झाला.

"म्हणजे?" पुण्याच्या मुलानं विचारलं.

"म्हणजे आईंच्या पौर्णिमा झाल्यात नऊशे एकोणनव्वद," गुरुजी म्हणाले. "अकरा कमी पडतात."

मुलाच्या तोंडावर केटरिंगचं बिल उमटलं. सुनेनं वर बघितलं. भटजींनी घाईनं शास्त्रात ऐंशी पुरतात असं काहीसं पुटपुटलं, पण गुरुजींच्या फळीपुढं त्यांचा आवाज चढेना. आजी पाटावर नवं इरकल नेसून बसल्या होत्या. ऐकू कमी येतं असं सगळे समजतात. त्यांनी हात वर केला.

"मास्तरा, हिकडं ये."

गुरुजी गेले. वैरागात त्यांना अरे-तुरे करणारी एवढी एकच व्यक्ती उरली होती.

"अकरा कमी का?"

"हो, आई. गणितच तसं आहे."

"आन् पावसाळ्यातलं चंद्र? ढगातलं? त्ये दिसलंच न्हाईत, त्ये बी वजा कर की. दर्शन म्हंत्यात न्हवं ह्याला?"

गुरुजी विचारात पडले. फळीकडं वळले. वर्षाचे चार महिने वजा करायचे म्हणजे आजींना आणखी चाळीसेक वर्षं थांबावं लागणार. मग त्यांचा चेहरा उजळला. "नाही आई, ते वजा करायची गरज नाही. आपल्याकडं आषाढातसुद्धा टिपूर चांदणं पडतं. पाऊस कुठाय वैरागात?"

मांडवातल्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. हे कुणालाच खोडता येण्यासारखं नव्हतं.

"बरं," आजी म्हणाल्या, "मग मला सांग, माझा जल्म कवाचा?"

"आधारकार्डावर आहे की. एक जून."

"कुणी लिवला?"

गुरुजी गप्प.

"तूच लिवलास. फारम भरायला तुज्याकडंच आलो हुतो आमी. म्या म्हनलं, आई सांगायची हुरडा चालला हुता तवा झाले. तू म्हनलास, हुरडा चालत न्हाय, तारीक पायजे. आन् एक जून घातलास. हुरडा जूनला आसतू व्हय रं?"

आता हे सगळ्या गावाला लागू होतं. त्या पिढीतल्या मास्तरांनी शाळेत नाव घालायला येईल त्याला एक जून दिली. स्वतः गुरुजींचीही एक जूनच. म्हणून तर ते 31 मे ला निवृत्त झाले. हुरडा पौष-माघातला. म्हणजे आजी जूनच्या आदल्या हुरड्यातल्या धरल्या तर निदान चार-पाच चंद्र वाढत होते. आणि वर्षच एक-दोनानं चुकलं असेल, तर हजार कधीच होऊन गेले होते.

गुरुजींनी खिशातलं फडकं काढून फळी पुसली. अगदी स्वच्छ, कोपऱ्यापर्यंत.

"वाढा पानं," ते आचाऱ्याला म्हणाले. "सुमारे हजार झालेत."

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं वैरागात अजून एकमेकांना साक्षीला घेतात.

पण म्हणून गुरुजी बदलले असं समजू नये. परवाचीच गोष्ट. नाशिकच्या सिंहस्थाला टेम्पो-ट्रॅव्हलर न्यायची म्हणून आमच्याकडची माणसं जमली होती. मागचे सिंहस्थ 2003 आणि 2015 चे, आता 2027. कुणीतरी म्हणालं, बारा वर्षांनी योग येतो. झालं. गुरूची फेरी बाराची नाही, 11.86 वर्षांची, हे वीस माणसांना उभ्यानं ऐकावं लागलं. पुरावा म्हणून हरिद्वार निघालं. तिथं 2010 नंतरचा कुंभ 2021 ला झाला, अकराव्याच वर्षी, कारण गुरू वाट बघत थांबत नाही. सात फेऱ्यांत एक वर्ष तो असा वाचवतो. मग आर्यभट निघाला. त्यानं पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांत गुरू 3,64,224 फेऱ्या मारतो. "करा भागाकार," गुरुजी म्हणाले. कुणी केला नाही. त्यांनीच केला, ट्रॅव्हलरच्या बॉनेटवर. 11.861. "पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पॉइंट कळत होता. मोबाईल असून तुम्ही बारा म्हणता."

गाडीवाला पोरगा हातात पावतीपुस्तक घेऊन थांबला होता. "गुरुजी, तुमची सीट पुढची धरलीय, माझ्या शेजारची. बाराशे रुपये."

गुरुजींनी पाकीट काढलं. मोजून अकराशे शहाऐंशी रुपये त्याच्या हातावर ठेवले.

पोरानं पैसे दोनदा मोजले. मग बॉनेटवरच्या आकड्याकडं बघितलं. तोही गुरुजींच्याच शाळेतला.

"हरकत न्हाय गुरुजी," तो म्हणाला. "चौदा रुपयं अलीकडं उतरिवतो. तिथनं चालत या."

गुरुजींनी खडू परत बाहेर काढला. "येऊन-जाऊन किलोमीटर किती धरलेस?"